मी वाचवलेले हिराता-सानचे पैसे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत बसून बाटल्यांची झाकणं वेगळी काढत होते. जपानमध्ये बाटली एका दिवशी टाकायची, झाकण दुसऱ्या दिवशी, आणि चुकलं तर पिशवी कुणी उचलत नाही. ती तशीच खाली पडून सगळ्या इमारतीला आपली अब्रू दाखवत राहते.

"तुमच्या जपानमधल्या कामाबद्दल लिहा," संपादक म्हणाले.

मला वाटलं त्यांना मिलिंद हवाय. मिलिंद म्हणजे माझा नवरा. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आमच्या घरातलं 'काम' हा शब्द त्याच्या नावावर आहे.

"नाही हो, तुमचंच. इंजिनिअर मंडळींचे चार लेख आलेत. चारहींत बुलेट ट्रेन आहे. तुम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी काहीतरी करायचात ना?"

करायचे. आठ वर्षं मी टोकियोतल्या काही म्हाताऱ्या माणसांसाठी टूथपेस्ट, मोजे आणि खोकल्याच्या गोळ्या विकत आणल्या. त्याला काम म्हणावं का, हा प्रश्न माझ्या सासूबाईंना आजही पडतो. पण पगार मिळायचा.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपण आठवतं, आणि वृद्धाश्रम म्हटलं की दुष्ट सून. मी होते ती जागा यांपैकी काहीच नव्हती. ज्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नाही, कपडे बदलता येत नाहीत, अशा ऐंशी-नव्वदीच्या माणसांचं ते घर. चार मजले, प्रत्येक मजल्यावर एक मोठी बैठकीची खोली, लिफ्टजवळ माशांची टाकी. बऱ्याच जणांचा खर्च त्यांची मुलं नाहीतर त्यांचं पेन्शन उचलत असे. पण काहींना ना मुलं, ना पुरेसं पेन्शन. त्यांचं राहणं, जेवण, औषध, सगळं सरकार परस्पर भरायचं. आणि त्यावर दर महिन्याला एक छोटी रक्कम त्यांच्या नावाने यायची. हातखर्चाला. टोकियोत चौघांनी एकदा बाहेर नीट जेवायचं म्हटलं तर जेवढे लागतील, साधारण तेवढे पैसे. महिनाभरासाठी.

ती रक्कम आमच्या ऑफिसातल्या तिजोरीत राहायची आणि तिची राखण माझ्याकडे होती. दर दुसऱ्या गुरुवारी मी वही घेऊन मजल्यांवर फिरायचे, ज्याला जे हवं ते लिहून घ्यायचे, सायकलला मोठी पिशवी लावून दुकानं पालथी घालायचे आणि संध्याकाळी वस्तू नि बिल ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे.

हे काम मला मिळालं ते बँकेमुळे. लग्नानंतर अकरा वर्षं मी पुण्यात एका सहकारी बँकेच्या काउंटरवर होते. मुलाखतीला आमच्या ऑफिसच्या प्रमुख सासाकी-सान यांनी "बँक!" म्हणून भुवया उंचावल्या. सदाशिव पेठेतली शाखा आणि जपानची मध्यवर्ती बँक यांत थोडा फरक असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आणखी एक सांगायला हवं. मी मुळातच जपून वापरणारी. २०११च्या मोठ्या भूकंपाने मला साठवणारी केलं. तो झाला तेव्हा आम्हाला टोकियोतल्या फुनाबोरीत येऊन तीन वर्षं झाली होती. आठवड्याभरात ओळखीची निम्मी घरं पुण्या-मुंबईला निघून गेली. सासूबाई दिवसातून तीनदा फोन करायच्या, "या गं परत, इथे निदान जमीन तरी हलत नाही." मिलिंद म्हणाला, क्लायंटला असं सोडून कसं जायचं? राहिलो. पण त्या दिवसांत दुकानांतली रिकामी फडताळं पाहिली, आणि तेव्हापासून आमच्या पलंगाखाली तांदूळ, पाणी, सेल आणि डाळी अशा भरल्या की झोपताना गादीखाली रेशनचं दुकान आहे असं वाटावं. मुलगी मैत्रिणींना घरी आणेना. "आई, हे एम्बॅरसिंग आहे," असं ती तीन भाषांत म्हणायची. दोन वर्षांनी मी नोकरीला लागले तेव्हा ही अशी लागले.

माझ्या हाती ज्यांचे पैसे आले त्यांतले एक ओनो-सान. पूर्वी बस चालवायचे, आता चाकाच्या खुर्चीत. त्यांची मागणी एकच: तळमजल्यावरच्या मशीनमध्ये टाकायला सुटी नाणी. रोज एक डबा कॉफी. मी हिशेब केला. मशीनमधला डबा केवढ्याला, आणि स्वस्त दुकानातलं अख्खं खोकं केवढ्याला! पुढच्या गुरुवारी मी चोवीस डब्यांचं खोकं सायकलवर बांधून आणलं आणि घामाघूम होऊन त्यांच्या पलंगाशी ठेवलं.

"जड झालं असेल तुम्हाला," ओनो-सान म्हणाले.

"छे छे! अर्ध्या किमतीत!"

त्यांनी ते डबे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकले. मला वाटलं, काय दिलदार माणूस! महिन्याभराने मुराई-सानने मला बाजूला घेतलं. मुराई-सान आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांत जुन्या सेविका, साठीच्या, उत्तरेकडच्या, बोलायला फटकळ.

"कुरुकारुनी-सान," (कुलकर्णी हे आडनाव जपानी तोंडातून असं बाहेर येतं) "त्या माणसाला कॉफी नको असते. त्याला खाली जायचं असतं. लिफ्टचं बटण आपण दाबायचं, नाणं आपण टाकायचं, गरम की थंड ते आपण ठरवायचं. दिवसातली तीच वीस मिनिटं त्याची स्वतःची."

मी ओशाळले, सुटी नाणी पुन्हा सुरू केली, आणि घरी जाऊन ही गंमत सगळ्यांना सांगितली. गंमत म्हणून सांगितली, हेच चुकलं. त्यातून काही शिकले असते तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

पुढचं हिराता-सानचं.

हिराता-सान शहाऐंशी वर्षांच्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे किमोनो शिवले. नवरा लवकर गेला, मूल नाही. बोटं वाकडी झाली आणि काम सुटलं, घरभाडं थकलं, मग सरकारी मदत, आणि मग आमचं घर. बोलणं इतकं हळू की लिहून घेताना मला खाली वाकावं लागे. मागणं इतकं कमी की दर वेळी सुरुवात "त्रास देते, माफ करा" अशी. खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांची आणि ओकुमुरा-सानची जोडी ठरलेली. ओकुमुरा-सान बोलघेवड्या, पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांची मुलगी नदीपलीकडे इचिकावाला राहायची आणि रविवारी आईला भेटायला यायची. दोघी म्हाताऱ्या सकाळी नऊपासून त्या टेबलाशी. एक बोलायची, दुसरी मान डोलवायची. चार वर्षं.

त्या शरदात ओकुमुरा-सानने हिराता-सानसाठी गुडघ्यांवर घ्यायची लोकरीची शाल विणून पूर्ण केली. जांभळी. त्यांचे हात कापायचे. व्यायामाच्या तासाला रोज दोन-दोन ओळी, असं करत चार महिने लागले. शाल दिली त्या दिवशी अख्ख्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या गुरुवारी हिराता-सानने मला जवळ बोलावलं.

"त्रास देते, माफ करा. एक मिठाईचा डबा हवा होता. निहोनबाशीतल्या मोठ्या दुकानातला. त्यांच्या कागदात बांधलेला."

"कोणती मिठाई?"

त्यांनी नाव सांगितलं. मी लिहून घेतलं. निहोनबाशी म्हणजे गाडी बदलून जायचं, वर किंमत तिप्पट. आणि तीच मिठाई, त्याच कंपनीची, आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये साध्या पिशवीत मिळते! मी पिशवी आणली. वर त्यांना समजावूनही सांगितलं. "आतला माल तोच, हिराता-सान. कागदाचे कशाला पैसे द्यायचे?"

त्यांनी पिशवी दोन्ही हातांत घेतली, मान लववली. "तुम्ही किती विचार करता," म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा. "अगदी त्रास नसेल तर... डबा असता तर बरं झालं असतं."

डबा? आणते की. सुपरमार्केटमध्ये मुदत संपत आलेल्या मालावर संध्याकाळी पिवळं स्टिकर लागतं, अर्ध्या किमतीचं. मी सहा वाजेपर्यंत तिथे घुटमळले, माणूस स्टिकरं घेऊन येईपर्यंत. आणि डबा घेऊन धावत परत आले. स्टिकर काढलं नाही. का काढू? तो माझ्या कर्तबगारीचा पुरावा होता. वर्गात पहिली आलेली मुलगी प्रगतिपुस्तक दाखवते तसा मी तो डबा स्टिकरची बाजू वर करून त्यांच्यापुढे धरला.

फुनाबोरीतल्या आमच्या मराठी कट्ट्यावर मी हा किस्सा अनेकदा सांगितला आहे. स्टिकरपाशी लोक हमखास हसतात, आणि मी तिथेच थांबते. कुणीतरी चहा ओततं, विषय बदलतो. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मिलिंदला अर्धं ठाऊक आहे.

तिसऱ्यांदा हिराता-सानने काही मागितलं नाही. पुढे तर टूथपेस्टशिवाय काहीच नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या खोलीतच बसू लागल्या, जेवणाचं ताट तिथेच मागवू लागल्या. टेबलाशी आणलंच तर खुर्ची जरा तिरकी लावायला सांगायच्या, खिडकीकडे तोंड करून. शाल पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेली असायची. हिवाळा होता, आणि ती घडी कधी मोडलेली दिसली नाही. ओकुमुरा-सान समोरच्या रिकाम्या जागेशी बोलल्यासारखं थोडं बोलायच्या आणि मग टीव्हीकडे बघत राहायच्या.

हे सगळं मी पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांपुढून गेलं. मला दिसत होतं ते वेगळंच: हिराता-सानची शिल्लक कशी छान वाढते आहे! महिनाअखेरीला मी त्यांच्या शेजारी बसून आकडा दाखवायचे. "बघा, केवढे साठले!"

"तुमच्या कृपेने," त्या म्हणायच्या. आणि मला ते खरं वाटायचं.

वसंतात वॉर्ड ऑफिसचा माणूस आला. सरकारी मदत घेणाऱ्यांची विचारपूस करायला वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी येत असे. हा नवा होता, तिशीचा, चुरगळलेल्या सुटातला, अतिशय नम्र. माझी वही चाळता चाळता एका पानावर थांबला.

"हिराता-सानची शिल्लक बरीच दिसते."

"हो!" मला वाटलं आता शाबासकी मिळणार. "मी जपून खर्च करते."

"तुम्ही?"

"म्हणजे... त्यांचे. पण मी."

त्याने चष्मा काढून पुसला. जपानी माणूस नाही म्हणण्याआधी काहीतरी पुसतो.

"कुरुकारुनी-सान, हे पैसे साठवण्यासाठी नसतात. पुढच्या खेपेलाही एवढेच दिसले, तर हिराता-सानना त्यांची गरज नाही असा अर्थ होईल. मग ही शिल्लक संपेपर्यंत रक्कम थांबवावी लागेल."

"पण अडीअडचणीला काही नको का?"

"औषधपाणी, डॉक्टर, सगळं आम्ही बघतोच."

"आणि त्यांना काही झालं तर?" अकरा वर्षं बँकेत काढलेल्या बाईला वारस विचारल्याशिवाय राहवत नाही.

"तर ही शिल्लक अंत्यविधीला लागते. त्यातूनही उरलं तर सरकारजमा."

म्हणजे मी सहा वाजेपर्यंत स्टिकरची वाट बघत उभी राहायचे, ती सरकारच्या तिजोरीसाठी. शेजारी बसलेल्या सासाकी-सान एवढंच म्हणाल्या, "हं." जपानीत 'हं' फार लांब करता येतो.

मी तडक वर गेले.

"हिराता-सान, पैसे खर्च करायचे आहेत!"

"कुणाचे?"

"तुमचे! लगेच! काय हवंय सांगा."

त्या घाबरल्या. कुणालाही घाबरवेल असाच माझा आवेश होता. सहा महिने नको नको म्हणणारी बाई आता हवं म्हणा म्हणून त्यांच्या पलंगाशी उभी. "सगळं आहे मला," त्या म्हणाल्या. "काही नको. तुम्हाला माझ्यामुळे बोलणी खावी लागली का? माफ करा."

मुराई-सान शेजारच्या पलंगावरची चादर बदलत होत्या. त्यांनी मला दाराबाहेर यायची खूण केली.

"तिच्या कपाटाचा खालचा खण पाहिलात कधी?"

"नाही."

"पिशवी तिथेच आहे. डबाही. तुमच्या पिवळ्या चिकटपट्टीसकट. दोन्ही न फोडलेले."

"आवडली नाही का मिठाई?"

मुराई-साननी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझे शाळेतले गणिताचे पेपर आठवले.

"ती मिठाई तिला खायला नको होती, बाई. ओकुमुरा-सानला द्यायची होती. शाल घेतली ना तिने? चार महिन्यांची मेहनत घेतली आणि उलट काही दिलं नाही. आता कुठल्या तोंडाने समोर बसेल? आणि ती शाल पांघरून तर कशी बसेल? साधी पिशवी कशी देणार, आणि अर्ध्या किमतीचं लेबल लावलेला डबा कसा देणार? स्टिकर काढून टाकायचं, म्हणाल. तिने बोटांनी प्रयत्न केला. कागद फाटला."

"मग मला सांगायचं ना त्यांनी!"

"दोनदा सांगितलं तिने तुम्हाला."

सांगितलंच होतं. निहोनबाशी, डबा, कागद, सगळं सांगितलं होतं. मी इथल्या चालीरीतींना नवखी होते असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण माझ्या आईच्या घरी शेजारची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. घरात काही नसेल तर ती वाटीत चमचाभर साखर घालायची आणि मला म्हणायची, जा, देऊन ये. शेकडो वेळा त्या वाट्या मीच पोचवल्यात. घेतलं की परत द्यायचं असतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. फक्त सरकारच्या पैशांवर जगणाऱ्या म्हातारीलाही ते करावंसं वाटत असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. असल्या माणसाने जपून राहावं, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. हे लिहितानाही हात अडतो आहे. पण तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी निहोनबाशीला गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कशाप्रीत्यर्थ? मी म्हटलं, शालीबद्दल. त्यांना काहीही चमत्कारिक वाटलं नाही. डबा आडवा ठेवून, एकदाच फिरवून, त्यांनी कागद असा बसवला की कड कडेला मिळाली. वर पांढरी पट्टी, तिच्यावर ब्रशने लिहिलेलं हिराता हे नाव. किंमत मी बघितली नाही. म्हणजे बघितली, पण तोंडातून काही काढलं नाही.

डबा घेऊन मी वर आले तेव्हा खिडकीजवळच्या टेबलाशी एकच खुर्ची होती.

"ओकुमुरा-सान आज सकाळी गेल्या," मुराई-सान म्हणाल्या. "मुलीच्या घराजवळच्या संस्थेत एकाएकी जागा झाली, इचिकावाला. त्यांचं नाव तिथे केव्हापासूनच लागलं होतं. याआधी दोनदा जागा आली तेव्हा त्यांनीच नको म्हटलं होतं."

डबा मी हिराता-सानच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाकड्या बोटांनी कागदाची घडी चाचपली, टाका तपासावा तशी.

"सुरेख बांधलंय," म्हणाल्या.

"कुरिअरने आजच पाठवते. नाहीतर मी सायकलने जाऊन देते!"

"नको, नको. इतक्या दिवसांनी असं काही तिथे आलं तर त्यांना कोडं पडेल. वर आभाराचं पत्र लिहावं लागेल. त्यांना कशाला त्रास?" मी जायला वळले तेव्हा अगदी हळू म्हणाल्या, "स्वतः जाऊन दिलं तर गोष्ट वेगळी."

चाकाच्या खुर्चीसकट आत चढवता येते अशी टॅक्सी मिळते इथे. ती केवढ्याला पडेल हे माझ्या अगदी ओठांवर आलं. जीभ चावली. खरंच चावली, रक्त आलं.

सासाकी-सान यांनी परवानगी दिली. रविवारी मी सोबत जायचं ठरलं, माझ्या सुट्टीच्या दिवशी. मिलिंद म्हणाला, "बघ, तू साठवले म्हणून टॅक्सी तरी परवडली." मी त्याला म्हटलं, तू आपला सॉफ्टवेअर बघ.

हिराता-साननी शनिवारी केस कापून घेतले. एक फिकट रंगाची लिपस्टिक मागवली. मी चांगल्या दुकानातून आणली, विचारूनही न बघता की स्वस्त कुठे मिळते. रविवारी सकाळी त्यांनी मुराई-सानला शाल मागितली आणि स्वतः उलगडून गुडघ्यांवर पसरली. घड्यांच्या रेघा तिच्यावर खोल उमटल्या होत्या. नदीच्या पुलावर त्यांनी काच थोडी खाली करायला सांगितली. इस्पितळाशिवाय चार वर्षांत त्या कुठे बाहेर पडल्या नव्हत्या.

ओकुमुरा-सान नव्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही बंद. मुलगी फुलदाणीतलं पाणी बदलत होती. तेवढ्या दिवसांतच ओकुमुरा-सान बारीक झाल्या होत्या. हिराता-सानने दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि खुर्चीतल्या खुर्चीत जितकं वाकता येईल तितक्या वाकल्या.

"शालीबद्दल. फार उशीर झाला."

ओकुमुरा-सानने डबा घेतला, पण त्यांचं लक्ष डब्याकडे नव्हतं. त्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

"वापरता तुम्ही ती?"

"ऊबदार आहे."

"मला वाटलं, तुम्हाला रंग आवडला नाही." शाळेतल्या बाईंचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तुम्ही टेबलाशी यायचं सोडलंत. तोंड फिरवून बसायला लागलात. रात्रंदिवस विचार करायची मी, आपण असं काय बोलून गेलो? मला बोलायची फार सवय, काहीतरी लागलं असेल तुम्हाला. मग इथली जागा तिसऱ्यांदा आली. म्हटलं, आता तिथे कुणासाठी थांबायचं?"

मुलगी फुलदाणी हातात धरून तशीच उभी राहिली. आईने तिला हो का म्हटलं होतं, हे तिलाही तेव्हाच कळत होतं.

"असं काही नव्हतं हो," हिराता-सान म्हणाल्या. "मी विसरले. द्यायचं द्यायचं म्हणता म्हणता विसरूनच गेले. मग उशीर झाला म्हणून लाज वाटायला लागली. वय झालं. माफ करा मला."

हिराता-सान काही विसरत नसत. चाळीस वर्षांपूर्वी शिवलेल्या किमोनोचं माप आणि ज्याचं ते माप त्याचं नाव त्यांना तोंडपाठ असे.

मी त्यांच्या मागे खुर्चीच्या मुठी धरून उभी होते. त्यांनी एकदाही मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. 'चूक माझी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. जपानीत ते मराठीपेक्षाही लहान वाक्य आहे, आणि मला ते जपानीच्या शिकवणीच्या पहिल्या तासापासून येत होतं. मी मनात ते दोनदा जुळवलं. त्यानंतर कुणाला काय काय वाटेल, ऑफिसात कळेल का, सासाकी-सान किती लांब 'हं' म्हणतील, हेही जुळवलं. तोवर त्या दोघी एकमेकींना माफ करा, माफ करा म्हणून वाकत होत्या, आणि ओकुमुरा-सान डोळे पुसत विचारत होत्या, जेवण तरी नीट करता ना?

निघताना मुलगी आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. टॅक्सीवाला खुर्ची आत चढवत होता तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"आज तुमचा सुट्टीचा दिवस असेल ना? तरीही त्यांना इतक्या लांब घेऊन आलात. तुमच्यासारखी माणसं तिथे आहेत म्हणून या लोकांना आधार आहे. खरंच, फार फार आभार."

असं म्हणून ती कमरेत वाकली. मीही वाकले आणि ते आभार घेतले. नेहमीपेक्षा जरा जास्त खाली वाकले, एवढंच.